बोजॅक हॉर्समन : दोषी नटाला पुन्हा पुन्हा उभं करणारी माणसं

पिंपळपान

(रसभंगाची सूचना : शेवटापर्यंतची सगळी कथा इथे उघड केली आहे. मालिका बघायची असेल तर आधी बघा, मग या.)

'सध्या काय बघताय' या धाग्यावर बोजॅक हॉर्समनचा विषय निघाला तेव्हा तिघाचौघांनी लिहिलं की चार भाग बघून सोडून दिली. दारूडा घोडा, बोलणारी मांजर, विनोद बरे, पण पुढे काय? त्यांना तिथल्या तिथे उत्तर देणं मला जमेना. मनोरंजनसृष्टीबद्दल इतकं नेमकं आणि इतकं निर्भीड लिहिलेलं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्यांसाठीची अमेरिकन ॲनिमेशन मालिका. निर्माता राफाएल बॉब-वॅक्सबर्ग, पात्रांची रेखाटनं लिसा हॅनावॉल्टची. २२ ऑगस्ट २०१४ ला नेटफ्लिक्सवर आली, ३१ जानेवारी २०२० ला संपली. सहा सीझन, ७६ भाग आणि एक नाताळ विशेष. माणसं आणि प्राणी एकाच शहरात राहतात, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. बोजॅक हा घोडा. १९८७ ते १९९६ या काळात तो 'हॉर्सिंग अराउंड' नावाच्या कौटुंबिक विनोदी मालिकेचा नायक होता. मालिका संपली, पैसा उरला, काम उरलं नाही. टेकडीवरच्या घरात बसून तो दारू पितो आणि स्वतःचेच जुने भाग बघतो. त्याची एजंट प्रिन्सेस कॅरोलिन (गुलाबी मांजर), त्याचं आत्मचरित्र त्याच्यासाठी लिहून देणारी डाएन न्विन, जुना प्रतिस्पर्धी मिस्टर पीनटबटर (लॅब्रॅडोर) आणि सोफ्यावर फुकट राहणारा टॉड ही मुख्य मंडळी.

चंदेरी दुनियेची टिंगल करणाऱ्या कलाकृती ढिगाने आहेत. त्यांत नट गर्विष्ठ असतो, निर्माता पैशाला चिकटलेला, दिग्दर्शक लहरी. आपण हसतो आणि विसरतो. इथे तेही आहे, पण लेखकांची नजर नटाच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांवर आहे. एखाद्याने काही भयंकर केलं तरी तो पडद्यावर कसा टिकतो? एजंट चार फोन करते, प्रसिद्धी सांभाळणारी बाई मुलाखत ठरवते, वाहिनी वेळ देते, लेखिका त्याच्या तोंडी चांगली वाक्यं घालते, प्रेक्षक टाळ्या वाजवतो. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो. आपण काही वाईट केलं असं त्यांतल्या एकालाही वाटत नाही.

दुसऱ्या सीझनचा सातवा भाग घ्या. बोजॅकच्या पुस्तकाच्या प्रचारासाठी गावोगाव कार्यक्रम चालू आहेत. एका कार्यक्रमात डाएन सहज बोलता बोलता हँक हिप्पोपोपॅलसचं नाव घेते. हा दूरचित्रवाणीवरचा लाडका, आजोबांसारखा पाणघोडा. त्याच्या माजी सहायक स्त्रियांनी त्याच्यावर आरोप केलेले असतात, ते जाहीर असतात, छापून आलेले असतात, तरी कुणी त्यावर बोलत नाही. डाएन बोलली एवढ्यावरून सगळं शहर तिच्यावर तुटून पडतं. एक मासिक तिची बाजू छापायला तयार होतं आणि ऐन वेळी माघार घेतं, कारण मासिकाची मालक कंपनी आणि हँकच्या कार्यक्रमाची मालक कंपनी एकच. त्या कंपनीचं नाव मुद्दाम अर्धा डझन खऱ्या कंपन्यांची नावं एकापुढे एक जोडून केलंय. मग वाहनतळात हँक स्वतः तिला भेटतो. ओरडत नाही, मारायला धावत नाही. लोक माझ्यावर प्रेम करतात, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार, एवढंच त्याचं सांगणं. ती शेवटी देश सोडून दूरच्या एका युद्धभूमीवर निघून जाते, आणि हँकचं काहीही बिघडत नाही. हा भाग जुलै २०१५ मधला. हॉलिवूडचा बडा निर्माता हार्वी वाइनस्टीन याची लैंगिक अत्याचाराची प्रकरणं वर्तमानपत्रात आली ऑक्टोबर २०१७ मध्ये. सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कुणी काही करत नाही, ही स्थिती लेखकांनी दोन वर्षं आधीच अशी मांडली होती.

आता पाचवा सीझन, सप्टेंबर २०१८. बोजॅकला 'फिल्बर्ट' नावाची गुप्तहेर मालिका मिळते. नायक दारू पितो, बायकांशी वाईट वागतो, आतून दुखावलेला आहे, वगैरे. डाएनला लेखनात घेतलं जातं, कारण संहिता स्त्रीद्वेष्टी आहे असं कुणी म्हणू नये. ती मन लावून काम करते, त्या नायकाला हळवेपणा देते, खोली देते. पहिल्या खेळाच्या पार्टीत बोजॅक तिला सांगतो की फिल्बर्ट बघून मला कळलं, आपण सगळेच वाईट आहोत, म्हणजे कुणीच वाईट नाही. डाएनच्या चेहऱ्यावरचा रंगच उडतो. आपण त्या पात्राला हळवं केलं, हळवं झालं म्हणून ते आवडतं झालं, आणि आवडतं झाल्यावर त्याची कृत्यं माफ करायची सोय झाली, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळतं.

मला हा प्रसंग सगळ्या मालिकेतला सगळ्यांत धाडसी वाटतो. फिल्बर्ट म्हणजे उघडउघड बोजॅक. लेखक आपल्याला सरळ विचारताहेत की तुम्ही पाच सीझन या घोड्यावर जीव लावून बसलात, ते कशासाठी?

त्यानंतरच्या भागात बोजॅक गोळ्यांच्या नशेत चित्रीकरण चालू असताना सहअभिनेत्री जीनाचा गळा खरोखर आवळतो. कॅमेरा चालू असतो, चित्रफीत बाहेर जाते. दोघांची एकत्र मुलाखत ठरते. बोजॅकला सगळं कबूल करायचं असतं, आणि जीना त्याला अडवते. वर्षानुवर्षं किरकोळ मालिकांत कामं केल्यावर आत्ता कुठे लोक तिला अभिनेत्री म्हणून ओळखायला लागलेत. उद्यापासून ती जन्मभर 'बोजॅकने गळा दाबलेली बाई' होणार. मग ती कॅमेऱ्यासमोर हसत हसत सांगते की तो सगळा अभिनय होता. गुन्हा लपवण्याचं कामसुद्धा जिच्यावर गुन्हा झाला तिलाच करावं लागतं. त्या मुलाखतीतलं तिचं हसू मला अजून विसरता आलेलं नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेषतः सोडून दिलेल्यांनी.


रानवारा

अगदी मनातलं लिहिलंत ताई. हँकचा भाग मी पुन्हा पाहिला तेव्हा अंगावर आला.

एक भर घालतो. दुसऱ्या सीझनमधलं 'सेक्रेटेरिएट' चित्रपटाचं प्रकरण विसरू नका. बोजॅकचं आयुष्यभराचं स्वप्न म्हणजे त्याच्या लहानपणीच्या आदर्शाची, त्या धावपटू घोड्याची भूमिका करणं. ती मिळते. दिग्दर्शिका केल्सी जॅनिंग्ज जीव तोडून काम करते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्याबरोबरचा एक अवघड प्रसंग स्टुडिओला नको असतो. बोजॅक आणि ती चोरून निक्सन ग्रंथालयात जाऊन तो चित्रित करतात आणि निर्माता टर्टलटाउब (कासव) तिला काढून टाकतो. तिच्या जागी गोडगोड चित्रपट करणारा दुसरा दिग्दर्शक येतो. बोजॅक सगळं टाकून न्यू मेक्सिकोला पळून जातो. परत येतो तर चित्रपट पूर्ण झालेला! आधी घेतलेल्या त्याच्या स्कॅनवरून संगणकाने बोजॅक तयार केला आणि काम भागवलं. वर निर्माता खूश, कारण संगणकाचा बोजॅक उशिरा येत नाही, वाद घालत नाही.

मग अख्खा तिसरा सीझन ऑस्करचा प्रचार. पार्ट्या, मुलाखती, हस्तांदोलनं. जो अभिनय त्याने केलाच नाही त्याचं कौतुक चालू.

हे २०१५ मध्ये विनोद म्हणून चाललं. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या नटांच्या संघटनेचा, सॅग-आफ्ट्राचा, १४ जुलैपासून ९ नोव्हेंबरपर्यंत ११८ दिवस संप चालला, त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की आमच्या चेहऱ्याचं स्कॅन आमच्या परवानगीशिवाय आणि मोबदल्याशिवाय वापरायचं नाही.


केतकी

मी सोडून दिलेल्यांपैकी नाही, शेवटपर्यंत पाहिली. पण पिंपळपान, मला तुमचं पूर्ण पटलेलं नाही.

तुम्ही म्हणता मालिका आपल्याला जाब विचारते. मान्य. पण ती हे विचारेपर्यंत ५८ भाग झालेले असतात, आणि त्या सगळ्यांत कॅमेरा बोजॅकच्या बाजूला आहे. त्याची आई कशी होती, आजोबा कसे होते, त्याचं लहानपण किती कोरडं गेलं, सगळं आपण पाहतो. आईच्या अंत्यविधीत तो एकटा जवळपास अख्खा भाग बोलतो. सुंदर लिहिलंय, वाद नाही. पण जीनाचं लहानपण कसं होतं? हँकने ज्यांना त्रास दिला त्या सहायक कुठे आहेत, त्यांतल्या एकीशी तरी आपली ओळख होते का? पेनीची (न्यू मेक्सिकोतल्या जुन्या मैत्रिणीची अल्पवयीन मुलगी, जिच्याशी बोजॅक गैर वागतो) आपण ओळख करून घेतो तीसुद्धा बोजॅकला किती अपराधी वाटतंय हे कळावं म्हणून.

आणि परिणाम बघा. बोजॅकच्या उदास चेहऱ्याचे टी-शर्ट, त्याची वाक्यं स्टेटसला. माझ्या ओळखीतले मुलगे 'मी थोडा बोजॅकसारखा आहे' असं अभिमानाने म्हणतात. म्हणजे डाएनला फिल्बर्टबद्दल जी भीती वाटली तेच या मालिकेचं झालं. लेखकांना हे कळलं होतं म्हणून त्यांनी तो प्रसंग लिहिला, हे मान्य. कळूनही करत राहिले, हा माझा आक्षेप आहे.


पिंपळपान

केतकी, हँकच्या सहायकांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर. त्या भागात त्यांना आवाज नाही, आणि ते खटकतं.

पण बोजॅकच्या बाजूने कॅमेरा ठेवण्याशिवाय दुसरा मार्ग होता असं मला वाटत नाही. बाहेरून दाखवला असता तर आपण पहिल्याच भागात त्याला खलनायक ठरवून मोकळे झालो असतो. प्रेम वाटायला लावून मग त्याचा हिशेब मागणं, यातच या मालिकेचं बळ आहे.

शिवाय सहाव्या सीझनमध्ये तो हिशेब पुरा होतो. बाराव्या भागात दूरचित्रवाणीवरची मुलाखतकार बिस्किट्स ब्रॅक्सबी बोजॅकची मुलाखत घेते. पहिली मुलाखत झकास होते. तो रडतो, पश्चात्ताप दाखवतो, लोक विरघळतात. खरं तर तिथे थांबायला हरकत नव्हती. पण त्याला ते कौतुक इतकं गोड लागतं की तो दुसऱ्या मुलाखतीला तयार होतो. तोपर्यंत ब्रॅक्सबीने गृहपाठ केलेला असतो. ती एकेका स्त्रीचं नाव घेते आणि विचारते की तुझ्या हाती सत्ता होती अशा बायकांच्या बाबतीतच हे परत परत कसं घडतं? मग 'हॉर्सिंग अराउंड'मधली बालकलाकार सेरा लिन हिचा विषय. तारांगणात ती बेशुद्ध पडल्यावर बोजॅकने रुग्णवाहिका बोलवायला १७ मिनिटं घेतली होती, कारण आपण तिथे नव्हतोच असा बनाव त्याला रचायचा होता. त्या १७ मिनिटांत ती जिवंत होती. इथे सहानुभूतीला जागा ठेवलेली नाही. आणि बारकावा असा की पहिल्या मुलाखतीची सगळी तयारी प्रिन्सेस कॅरोलिनने करून घेतलेली आहे. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर आवाज खाली आणायचा, सगळं. माफी कशी मागायची याची तालीम!


तिसरी घंटा

सेरा लिनचा विषय निघालाच आहे तर लिहितो.

मी काही वर्षं मराठी मालिकांच्या सेटवर सहायक दिग्दर्शक होतो. मालिका, वाहिनी, कुणाचंच नाव घेत नाही. नायिकेच्या मुलीचं काम करणारी सात वर्षांची मुलगी होती. रात्रीचे साडेदहा, प्रकाशयोजना बदलायला वेळ लागत होता, ती दिवाणखान्याच्या सेटवरच्या झोपाळ्यावर झोपून गेली. तिला उठवायचं काम माझं. 'पिल्लू, एकच शॉट, मग घरी.' ती उठली, डोळे चोळले, आणि ॲक्शन म्हटल्यावर असं खळखळून हसली की सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तिची आई मॉनिटरशेजारी कौतुकाने बघत होती. कुणीच दुष्ट नव्हतं. पिंपळपान यांनी पहिल्या पोस्टमध्ये 'प्रत्येक जण आपापलं काम चोख करतो' असं लिहिलंय ते वाचून मला तो झोपाळाच दिसला.

सेरा लिन तीन वर्षांची असताना 'हॉर्सिंग अराउंड'मध्ये येते. पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात बोजॅक त्या चिमुरडीला उपदेश करतो : घरचे तुला समजून घेणार नाहीत, पण प्रेक्षक घेतील, त्यांना हवं ते देत राहा, जीव गेला तरी. तेव्हा आपण हसतो. ती मोठी झाल्यावर पॉप गायिका होते, व्यसनात जाते, ३१ व्या वर्षी मरते. त्या उपदेशातला शब्दन् शब्द खरा होतो. कुणा एकाने तिला मारलं असं म्हणता येत नाही. आईने तिला नटी करायचंच ठरवलेलं होतं, बोजॅकने तिला नशेची सोबत दिली, प्रेक्षकांनी तिच्यावर प्रेम केलं.

कायदे आहेत. कॅलिफोर्नियात १९३९ पासून कूगन कायदा आहे, बालकलाकाराच्या कमाईचा काही भाग त्याच्याच नावाने बाजूला ठेवावा लागतो. जॅकी कूगन मूकपटांच्या काळातला प्रचंड लोकप्रिय बालनट, मोठा झाल्यावर त्याला कळलं की त्याची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी संपवली. आपल्याकडे २०१७ च्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी, आणि उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा. नियम चांगला आहे. सेटवर रोजचा एपिसोड द्यायचा असतो तेव्हा तो कोण आठवून देणार, हा प्रश्न आहे.

दुसरं, सहाव्या सीझनमध्ये सगळ्या शहरातले सहायक संपावर जातात तो भाग मी तीनदा पाहिला. कॉफी आणणारे, फोन घेणारे, साहेबांच्या मुलांच्या वाढदिवसाच्या भेटी विकत घेणारे. ते उठून गेल्यावर मोठमोठ्या निर्मात्यांना साधा फोन लावता येत नाही. तो भाग आला ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि त्याच महिन्यात खऱ्या हॉलिवूडमधल्या सहायकांनी आपले तुटपुंजे पगार समाजमाध्यमांवर उघड मांडायची मोहीम सुरू केली होती. ज्याने हे काम केलंय त्यालाच कळेल की लेखकांनी ते किती प्रेमाने लिहिलंय.


मधुमालती

तिसरी घंटा, वाचून गलबलून आलं. त्या मुलीचं पुढे काय झालं?


तिसरी घंटा

शिकतेय. अभिनय सोडला. तिच्या आईनेच थांबवलं, दहावीच्या आधी. बरं वाटलं ऐकून.


सॅन होजेकर

चांगला धागा. थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग नसावा.

मी पंचवीसेक वर्षं अमेरिकेत आहे. इथे वाढलेल्या माझ्या मुलीला ही मालिका अतिशय आवडते, आणि तिलाच सगळ्यांत जास्त राग आहे. डाएन न्विन व्हिएतनामी-अमेरिकन. तिचा आवाज ॲलिसन ब्री या गोऱ्या अभिनेत्रीचा. सहाही सीझन. पाचव्या सीझनमध्ये डाएन व्हिएतनामला जाते, आपण नक्की कुठले हा प्रश्न तिला छळतो, भाषा येत नाही म्हणून अवघडते. या सगळ्याला आवाज मात्र अशा बाईचा, जिला हा प्रश्न कधी पडलेलाच नाही. जून २०२० मध्ये ब्रीने जाहीरपणे म्हटलं की ही भूमिका मी करायला नको होती. बॉब-वॅक्सबर्गनेही चूक मान्य केली. पण मालिका तोवर संपलेली होती.

आम्हाला हे जवळचं वाटतं त्याला कारण आहे. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला भारतीय दुकानदार अपू. हँक अझारिया या गोऱ्या नटाने काढलेला तो आवाज शाळेत आमच्या मुलांच्या तोंडावर फेकला गेला आहे. भारतीय वंशाचा विनोदवीर हरी कोंडाबोलू याने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला, अझारियाने जानेवारी २०२० मध्ये अपूचा आवाज देणं सोडलं.

मालिकेतली टीका खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. पण जी मालिका इतक्या बारकाईने दाखवते की सोयीसाठी माणसं कशी डोळेझाक करतात, तिच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तेच घडत होतं. पात्रयोजना करणारा, निर्माता, वाहिनी, सगळे आपापलं काम चोख करत होते. पिंपळपान यांचंच वाक्य.


खिडकीतला

सॅन होजेकर काका, एकदम मान्य. माझ्या मते म्हणूनच ती मालिका जास्त महत्त्वाची ठरते, कारण ती त्याच कारखान्यात बनलेली आहे.

ॲनिमेशनमध्ये आहे म्हणून मी थोडं त्या अंगाने लिहितो. आपल्याच मालकावर टीका करण्याची परंपरा अमेरिकन कार्टूनमध्ये जुनी आहे. ९ फेब्रुवारी १९९७ चा सिम्पसन्सचा पूची कुत्र्याचा भाग आठवा. त्यात सिम्पसन्समधली मुलं बघतात त्या कार्टूनबद्दल वाहिनीचे अधिकारी म्हणतात, कार्यक्रम जुना झालाय, एखादं नवं 'आजच्या पिढीचं' पात्र आणा. समिती बसते आणि पूची जन्माला येतो. सिम्पसन्स घरातला बाप होमर त्याला आवाज देतो, प्रेक्षकांना पूची नको असतो, मग पूचीला घाईघाईने मारून टाकतात. सिम्पसन्सच्या लेखकांना अशी सूचना खरोखर झाली होती. त्याच भागाने 'द फ्लिंटस्टोन्स' या जुन्या कार्टूनचा सर्वाधिक, म्हणजे १६६ भागांचा विक्रम मोडला. मी तो लहानपणी स्टार वर्ल्डवर पाहिला. तेव्हा स्टार आणि ते दाखवणारी फॉक्स वाहिनी, दोन्ही माध्यमसम्राट रुपर्ट मर्डॉक यांच्याच होत्या. सिम्पसन्सने मर्डॉक यांना १९९९ च्या एका भागात स्वतःच्या आवाजात आणून अत्याचारी अब्जाधीश म्हणून ओळख करून द्यायला लावली होती, आणि त्यांनी ती दिली.

बोजॅकने हेच नेटफ्लिक्सवर केलं. फिल्बर्ट दाखवणारी कंपनी कोणती? किती वाजले ते सांगणारं एक संकेतस्थळ! पैसा आलाय म्हणून ते आता मालिका काढतंय. तिचा प्रमुख अधिकारी टॉडने जोडलेला एक यंत्रमानव, ज्याला अश्लील चार वाक्यांपलीकडे काही बोलता येत नाही, आणि संचालक मंडळ त्या वाक्यांतून दूरदृष्टी शोधतं. शेवटी यंत्रमानवावरच लैंगिक छळाचे आरोप होतात आणि कंपनी बुडते. ते दाखवलं नेटफ्लिक्सनेच.

पण मालक टीका चालवून घेतो म्हणून तो उदार ठरत नाही. लिसा हॅनावॉल्टची स्वतःची मालिका, 'टुका अँड बर्टी', नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये एका सीझननंतर बंद केली. दोन पक्षिणींच्या मैत्रीची, फार सुंदर मालिका. तिला पुढे अडल्ट स्विम या वाहिनीने घेतलं. बोजॅकचं शहर ज्या हाताने उभं केलं त्या हातावर एका सीझनपुरताच भरवसा ठेवला गेला.

आता प्राणी कशाला, हा सोडून देणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. हॅनावॉल्टच्या पार्श्वभूमीत बघा. वार्ताहर निळा देवमासा आहे, निर्माता कासव आहे म्हणून त्याला कशाचीच घाई नाही. मिस्टर पीनटबटर कुत्रा आहे, सगळ्यांनी त्याच्यावर प्रेम करावं एवढंच त्याला हवं. लोकप्रियतेची भूक इतक्या सरळपणे माणसाच्या चेहऱ्यावर दाखवता आली नसती. आणि हलक्या रंगातलं, गोड दिसणारं हे जग असल्यामुळेच गळा आवळण्याचा प्रसंग इतका असह्य होतो. शिवाय सातत्य! पहिल्या सीझनमध्ये बोजॅक दारूच्या नशेत टेकडीवरच्या 'हॉलिवूड' पाटीतलं शेवटचं अक्षर चोरतो. ते परत कधी येतच नाही, जवळपास शेवटपर्यंत शहराचं नाव 'हॉलिवू'. बहुतेक कार्टूनमध्ये पुढच्या भागात सगळं जिथल्या तिथे असतं. इथे मोडलेलं मोडलेलंच राहतं, पाटी असो की माणूस.


केतकी

खिडकीतला, मोडलेलं मोडलेलंच राहतं हे आवडलं आणि पटलं. त्यावरून हर्ब कझाझ आठवला. मला वाटतं मालिकेचा खरा पाया तो आहे, आणि त्याच्याबद्दल अजून कुणी लिहिलंच नाही.

हर्ब हा बोजॅकचा जिवलग मित्र, 'हॉर्सिंग अराउंड'चा निर्माता, ज्याने बोजॅकला घडवलं. नव्वदच्या दशकात तो समलिंगी असल्याचं जगजाहीर होतं आणि वाहिनी त्याला काढायचं ठरवते. बोजॅकने त्याला शब्द दिलेला असतो की तुला काढलं तर मीही जाईन. मग वाहिनीची अधिकारी अँजेला डियाझ बोजॅकला बोलावून दम देते, तो मुकाट्याने परत कामाला लागतो. हर्बचं करिअर संपतं. दोघांचं बोलणं बंद. वर्षानुवर्षांनी हर्ब कर्करोगाने मरणपंथाला लागल्यावर बोजॅक माफी मागायला जातो. हर्ब स्वच्छ सांगतो : मी तुला माफ करत नाही. हे ओझं घेऊन तू जग. इतक्या सगळ्या माफ्यांच्या गर्दीत ही एक नकाराची जागा आहे आणि मला ती सगळ्यांत खरी वाटते.

सहाव्या सीझनमध्ये अँजेला परत येते, म्हातारी झालेली. बोजॅकचा घोटाळा बाहेर आल्यामुळे जुन्या मालिकेतून त्यालाच कापून टाकायचं आहे आणि त्यासाठी त्याची सही हवी आहे. बोलता बोलता ती सांगते की तेव्हा मी नुसता दम दिला होता. तू अडून बसला असतास तर आम्हालाच माघार घ्यावी लागली असती, मालिका तुझ्यावर चालत होती.

म्हणजे त्या दिवशी एका माणसाने 'नाही' म्हटलं असतं तर पुरलं असतं. ताकद होती, त्याला ती माहीत नव्हती, आणि ती माहीत होऊ न देणं हेच अँजेलाचं काम. इतकी वर्षं ज्याला आपण 'वाहिनीची ताकद' म्हणत होतो ती एका बाईने टेबलापलीकडून मारलेली थाप होती. माझे आक्षेप तसेच आहेत, पण या दोन प्रसंगांसाठी मी ही मालिका कुणालाही बघायला सांगेन.


मधुमालती

आज सकाळी वाचायला घेतलं आणि कामाला उशीर झाला. मी चार भाग बघून सोडणाऱ्यांतली. प्रश्न असा की प्रिन्सेस कॅरोलिन सगळ्या घोटाळ्यांवर पांघरूण घालत असेल तर तीच खरी दोषी नाही का? आणि ती तर चांगली वाटत होती मला.


पिंपळपान

मधुमालती, ती चांगलीच आहे, म्हणून तर अवघड. पोरवयात उत्तर कॅरोलिनातल्या ईडन गावातून ती निघते, आई दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. मोठ्या एजन्सीत फोन उचलण्यापासून सुरुवात करून ती स्वतःची कंपनी उभी करते. बोजॅकवर तिचं एके काळी प्रेम होतं. ती त्याला वाचवते ते पैशासाठीही, मायेपोटीही, आणि तेवढंच तिला येतं म्हणूनही. सहाव्या सीझनमध्ये दत्तक मुलगी घरी आल्यावरचा एक भाग आहे. त्यात एकाच खोलीत अनेक कॅरोलिन दिसतात : एक फोनवर, एक बाळाला घेऊन, एक पार्टीत हसणारी, सगळ्या एकमेकींतून वाहत जाणाऱ्या. काम करणाऱ्या कुठल्याही बाईला तो भाग समजावून सांगावा लागणार नाही.

दोषी आहेच ती. जीनाच्या त्या मुलाखतीनंतर गाडं सुरळीत चालू राहिलं याचं श्रेय तिचंच. पण केतकीने अँजेलाबद्दल जे लिहिलं त्याच्या उजेडात शेवटचा भाग बघा. बोजॅक तुरुंगात आहे, कॅरोलिनच्या लग्नासाठी एका दिवसापुरता बाहेर आलाय. एका टुकार विनोदी चित्रपटामुळे लोक त्याला परत स्वीकारायच्या बेतात आहेत, ही बातमीही त्याला तिथेच कळते. म्हणजे चाक पुन्हा फिरणार. तो तिला विचारतो, परत आलो तर तू माझं काम बघशील ना? ती मायेने म्हणते की माझ्या ओळखीची काही फार चांगली माणसं आहेत, त्यांची नावं मी तुला सुचवेन.

पाचव्या भागापासून पुढे बघा. पहिल्या सीझनचा आठवा भाग म्हणजे हर्बचा. तिथपर्यंत पोचलात आणि तरी नकोशी वाटली तर खुशाल सोडा, आणि इथे येऊन सांगा.


मधुमालती

चालेल. शनिवारी सुरू करते. सातवीतल्या मुलीबरोबर बघण्यासारखी आहे का?


सॅन होजेकर

अजिबात नको. निदान अकरावी-बारावी होऊ दे. आणि तेव्हाही सोबत बसून बघा. आम्ही बापलेकीने तशीच पाहिली, भांडत भांडत.